खुंटलेल्या घराण्याचा जावई

मी शाळेत इतिहास शिकवतो, तोही आठवीपर्यंतचा. मध्ययुगातल्या जर्मन सरदार घराण्यांशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण बाहेरून बीए करणाऱ्या पोरांसाठी कोणीतरी पुस्तिका काढत होतं, त्यांना इंग्रजीचं मराठी करून देणारा माणूस पाहिजे होता, आणि मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना रोग आहे. नाही म्हणता आलं असतं तर मारेगावचं घर सोडून दारव्ह्याला घरजावई तरी कशाला झालो असतो? तिकडे बाबा आणि धाकटा भाऊ शेती करतात, इकडे मी अठरा वर्षांपासून सासऱ्यांच्या घरात आहे.

पुस्तिकेचा विषय होता वंश आणि वारसा. कोणता काउंट कोणाचा पोरगा, त्याच्यामागे गढी कोणाकडे गेली, असं. मला वाटलं सोपं आहे, बापामागे पोरगा. कसलं काय! एका घराण्यात सगळ्या भावांनी मिळून गढी वाटून घेतलेली. दुसऱ्यात थोरल्याला सगळं, धाकटे मठात. तिसऱ्यात आजा, बाप, नातू तिघांचं नाव एकच, आणि त्याच नावाचे आणखी दोघं लहानपणीच गेलेले. डोक्याचा नुसता भुगा. वंशावळीचा तक्ता पलंगावर पसरला की बायकोला टेकायला जागा नसायची. ती म्हणायची, मेलेल्यांची सोय झाली असेल तर जिवंत माणसाचंही पाहा थोडं.

सासऱ्यांना मात्र त्या तक्त्याचा नादच लागला. ऐंशीच्या घरातला माणूस, जन्मभर कापूस आणि सोयाबीनपलीकडे कशाची चौकशी केली नाही, पण संध्याकाळी चहाची कपबशी घेऊन माझ्या पलंगाशी येणार आणि आज कोण मेलं ते विचारणार. मी सांगायचो. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, पोरगा होता का त्याला. त्यांना स्वतःला पोरगा नव्हता. माझी बायको ही एकुलती एक पोरगी, आणि मागच्या गल्लीत राहणारा एक पुतण्या. आपल्यामागे कोण, हा विषय त्यांनी घरात कधी काढला नव्हता. मीही विचारलं नाही. जर्मनांचं मात्र खोदून खोदून विचारायचे.

एकदा मी सांगितलं की घराण्यातला शेवटचा पुरुष मेला तर काही ठिकाणी त्याची ढाल त्याच्यासोबत पुरून टाकत. ते भडकलेच. चांगली कामाची वस्तू मातीत कशाला घालायची, जावई नव्हता का कोणी? मी म्हटलं, मामाजी, कुठे कुठे जावईही बसायचा गादीवर. सासऱ्याचं निशाण आपल्या ढालीवर घ्यायचा, कधी तर आपल्या घराण्याचं नावही सोडून द्यायचा. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "अन् त्या जवायाचा बाप काय म्हने?"

मी तक्ता पाहिला. जावयाचा बाप तक्त्यात नव्हताच. जावई एका तुटक रेघेनं बायकोला जोडलेला, त्याच्या डोक्यावर कोरा कागद. मी म्हटलं, लिहिलं नाही. ते मान हलवत उठून गेले. हे त्यांनी त्या परदेशी जावयाबद्दल विचारलं की माझ्याबद्दल, तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. महिनाभरात ते गेले, दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठलेच नाहीत.

मडकं कोण धरणार यावरून अंगणात कुजबुज सुरू झाली. रीतीप्रमाणे मान पुतण्याचा. पण त्याच्या बायकोला सातवा महिना होता, आणि गरोदर बाईच्या नवऱ्यानं खांदा द्यायचा नाही, अग्नी द्यायचा नाही, केस उतरवायचे नाहीत, असं आमच्याकडे मानतात. तो बिचारा बाजूला उभा राहून रडत होता. म्हातारी माणसं माझ्याकडे पाहू लागली. मला नाही म्हणता येत नाही, हे सांगितलंच आहे. मडकं मी धरलं.

इथवर ठीक होतं. घोळ झाला दहाव्याला, नदीवर. आमच्याकडे बाप जिवंत आहे तोवर माणूस मिशी उतरवत नाही. पोरं फॅशन म्हणून उडवतात ते वेगळं, पण दहाव्याला न्हाव्यापुढे बसून मिशी काढली म्हणजे बाप गेला. न्हावी जाणता होता. डोकं झालं, वस्तरा थांबवून त्यानं सरळ विचारलं, "गुर्जी, मिशी राहू देऊ न? तुमचे वडील हायेत न?"

मी म्हटलं, "नाही. काढा."

जन्मात एकदा नाही म्हटलं, ते हे. का म्हटलं? खरंच सांगतो, मला माहीत नाही. बाबांशी माझं भांडण नव्हतं, आदल्या संध्याकाळीच फोनवर बोललो होतो. न्हाव्यानं दोन हात मारले आणि ओठाला गार वारा लागला, तेव्हा मी काय केलं ते डोक्यात शिरलं. आता काय करता? मिशी काही चिकटवता येत नाही. घरी आलो तर बायकोनं एकदा पाहिलं आणि तोंडावर पदर धरून आत गेली.

तेरवीला बाबा येणार होते. गुडघ्यांमुळे मातीला येता आलं नव्हतं. त्यांना काय सांगायचं याचा मी तीन दिवस विचार केला आणि मला एक वाक्य सुचलं नाही. ते आले, मांडवात शिरले, माझ्या ओठाकडे पाहिलं. बाकीच्यांनीही त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग पागोट्याची वेळ आली. आता पागोटं म्हणजे बाजारातून आणलेला नवा शेला, पण तो ज्याच्या डोक्याला बांधला तो घरचा कर्ता, हे अजूनही खरं. शेला वारसाच्या सासुरवाडीकडून येतो आणि तीच माणसं बांधतात. मी पाटावर बसलो आणि सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. माझी सासुरवाडी कोणती? हेच घर. सासरा कोण? फोटोत, हार घालून. पुतण्या शेला हातात धरून उभा, त्यानं तो बांधायचा की नाही तेही कळेना. कोणी म्हणे बायकोच्या मामाकडचा कोणी बोलवा, कोणी म्हणे तिच्याच हातानं बांधा. मला तो तुटक रेघेचा तक्ता आठवत होता आणि धड काहीच समजत नव्हतं.

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. पुतण्याच्या हातून त्यांनी शेला घेतला आणि माझ्या बोडक्या डोक्याला बांधू लागले, लहानपणी थंडीत कानाला मफलर बांधायचे तसं, जरा जास्तच घट्ट. मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यायले पोरगा नव्हता. मले अजून एक हाय."

सासरे गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या पाटावर मी ओक्साबोक्शी रडलो. लोकांना वाटलं सासऱ्यासाठी रडतोय. असेलही. माझं मलाच सांगता येत नव्हतं.

दुपारी बाबांना स्टँडवर सोडायला गेलो. डोक्याला शेला तसाच होता, सोडायचं सुचलं नव्हतं. बस लागली, ते पायरीवर चढले, खिडकीशी बसले. मी खाली उभा. माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करू? त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या कोऱ्या ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मिशी ठेव आता. मी हावो अजून."