बाभळीवरचा सातवा डबा

ते प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो.

मी तेव्हा नागपूरच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. खापरखेड्याच्या बाजूला रूळदुरुस्तीवर एका ठेकेदाराची गँग होती. तिथं एका मजुराचा पाय इंजिनाखाली गेला. मुकादम म्हणाला, "याची आज सुट्टी होती साहेब, रूळ ओलांडून राहिला होता." मजुराला दवाखान्यात रवाना केलं आणि मी पंचनाम्यात तेच लिहून मोकळा झालो.

त्या एका ओळीवर त्याचा भरपाईचा दावा फेटाळला गेला. कामावर नव्हता, म्हणजे कामगारच नव्हता! काही वर्षांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. ठेकेदाराच्या हजेरीपटात नाव नाही, एवढ्यावरून जखमी मजुराची दाद मागायची वाट बंद होत नाही. तो कामावर होता का, ते नीट तपासा, असा आदेश झाला. तपास फिरून माझ्याच टेबलावर आला.

दोन दिवसांनी मजुराची बायको ठाण्यात आली. "साहेब, त्या दिवशी त्यायचा डबा मीच बाभळीवरून काढून आणला होता. सुट्टीचा माणूस तिथं डबा काहून टांगन?"

काम सुरू करण्याआधी प्रत्येकानं आपला डबा फडक्यात बांधून झाडाला टांगायचा, ही गँगची रीत. नाहीतर कुत्री आणि मुंग्या काही ठेवत नाहीत. मी जुना पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बाभळीवर सात डबे.' हजेरीपटात नावं सहा. कपाळावर हात मारून घेतला.

मुकादमाला बोलावून चहा दिला. मारझोडीनं माणूस खोटंही कबूल करतो, गप्पांत खरं निसटतं.

"दुपारचं जेवता कुठं?"

"घरीच साहेब, जवळच राहतो. आपल्याले डब्याची कटकट नाही."

"गँगमध्ये त्या दिवशी किती जण?"

"सहा."

"मग सातवा डबा कोणाचा?"

त्यानं कप खाली ठेवला. तो म्हणाला, "ठेकेदारानं हजेरी बदलाले लावली साहेब."

फेरसुनावणीत ठेकेदाराच्या वकिलानं विचारलं, "पंचनामा कोणी लिहिला?"

"मीच," मी म्हणालो. "डबेही मीच मोजले आणि चुकीची ओळही मीच लिहिली."

दावा मंजूर झाला. बाहेर मजूर कुबडी टेकून उभा होता. मला वाटलं, आभार मानेल.

"साहेब, त्या दिवशी मी शुद्धीवर होतो," तो म्हणाला. "मले काहून नाही विचारलं?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी जखमीचा जबाब घेतला, मग बाकीच्यांचा.