मासळीबाजाराचा करार देल्फाने समजावला तेव्हा

कातुंगानच्या नगर कचेरीत देल्फा पागुन्सानचा हुद्दा माहिती अधिकाऱ्याचा होता, पण तिचं खरं काम एकच, करार समजावून सांगणं. कचऱ्याची गाडी कुणाकडून भाड्याने घ्यायची, नदीतला गाळ कोण उपसणार, डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी खाली आणायचं तर नळ कुणाचे आणि झरा कुणाचा, असले सगळे करारमदार इंग्रजीत यायचे. ज्यांच्यासाठी ते व्हायचे ती माणसं मात्र किनाराय-आ ही तिथली बोली बोलणारी. मेयरना सही करायची परवानगी नगरसभेने देण्याआधी लोकांपुढे कराराची सगळी पार्श्वभूमी मांडायची आणि लोकांचा होकार नोंदवायचा, असा नियम होता.

पूर्वी हे काम कचेरीचे वकील करत. बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली ते कलमामागून कलम वाचत जायचे आणि बायका टोप्यांनी वारा घेत पेंगायच्या. देल्फा आली आणि सगळं पालटलं. ती कागद बाजूला ठेवायची, माइक हातात घ्यायची आणि गप्पा मारायला लागायची.

"हे बघा, गाळ नदीचा, यंत्र कंपनीचं आणि निघालेली वाळू नगराची. आता कुणाच्या घरावर अचानक दुसरा मजला चढला, तर वाळू कुठे गेली ते मला विचारू नका. त्या घरी जेवायला जा!"

मेयरसुद्धा हसले होते त्या दिवशी. वाळू खरोखर नगराकडेच राहिली, कारण सगळं गाव त्या यंत्रावर नजर ठेवून होतं. 'देल्फा म्हणाली' म्हटलं की गावात वाद मिटायचा. देल्फाला हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं. सभेला निघताना ती आरशासमोर एखादी कोटी पुटपुटून बघायची. नवरा रोदेल तीनचाकी चालवायचा. तो म्हणायचा, "मेयरपेक्षा तुलाच मतं जास्त पडतील." ती "चल, काहीतरीच" म्हणायची, पण मनातून सुखावायची.

ती मूळची मासळीबाजारातलीच. आईचा ओटा तिथे होता, आणि शेजारचा ओटा सेर्वांदाचा; तिला सगळे 'मानांग', म्हणजे ताई, म्हणत. सेर्वांदा सुकी मासळी आणि खारवलेल्या कोळंबीचा गिनामोस विकायची. देल्फा शाळेत असतानाच आई गेली, तेव्हा तिचं जेवणखाण सेर्वांदानेच बघितलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी देल्फाने घातलेला पांढरा ब्लाऊज सेर्वांदाच्या मुलीचा होता. त्याला गिनामोसचा वास येत होता, पण देल्फाने तो दिवसभर ताठ मानेने घातला.

मग बाजाराचा करार आला.

जुना बाजार पार मोडकळीला आला होता. वादळात पत्रे उडाले होते, गटार तुंबून ओट्याखाली पाणी साचायचं. नगराकडे नवा बांधायची ऐपत नव्हती. इलोइलो शहरातली एक कंपनी स्वतःच्या खर्चाने बाजार बांधून देणार होती, आणि त्या बदल्यात पंचवीस वर्षं तो चालवणार होती. कचेरीचे व्यवस्थापक किरिनो यांनी मसुदा देल्फाच्या टेबलावर ठेवला.

तिने तो घरी नेऊन नीट वाचला. एका कलमाशी ती अडखळली. जुन्या ओटेवाल्यांना नव्या बाजारात 'प्राधान्य' मिळेल, मात्र कंपनीच्या दराने आणि कंपनीच्या अटींवर, असं तिथे लिहिलं होतं. सकाळी तिने किरिनोंना गाठलं.

"प्राधान्य म्हणजे जागा मिळेलच, असं नाही ना?"

"प्राधान्य म्हणजे प्राधान्य," किरिनो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले. "जे लिहिलंय ते सांगा."

म्हणजे जे होतं ते सांगायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पुढे कित्येक महिने किरिनोंचं ते वाक्य तिला सतावत राहिलं.

सभेला मैदान गच्च भरलं होतं. देल्फाने बाजाराची हकिगत सांगितली, वादळ सांगितलं, कंपनी काय देणार आणि काय घेणार ते सांगितलं. नव्या संडासांबद्दल एक चावट विनोद केला आणि मासळीवाल्या बायका पोट धरून हसल्या. प्राधान्याचं कलम तिने वाचलंही, पण भराभर. तेव्हा सेर्वांदा उठली. हात ॲप्रनला पुसत म्हणाली,

"इंदाय, पोरी, तुझं ते कलमबिलम माझ्या डोक्यावरून गेलं. मला एकच सांग. माझी जागा मला मिळणार का?"

सगळे चेहरे देल्फाकडे. 'मानांग, खात्री देता येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होते. पण इतका वेळ रंगलेली सभा तिच्या हातात होती, आणि ती तिला विझू द्यायची नव्हती.

"मानांग, तुम्हाला तिथून कोण उठवणार? आधी छप्पर पडेल!"

हशा झाला, टाळ्या पडल्या. सेर्वांदाही हसली आणि तिनेच पहिला हात वर केला. मग सगळ्यांनी केले. कचेरीतला माणूस हात मोजत पुढे गेला आणि देल्फाने माइक खाली ठेवला. तिचे कान तापले होते, पण लोक येऊन पाठ थोपटत होते, आणि तिने ते तापणं उकाड्यावर ढकललं.

नवा बाजार झाला तो खरोखर देखणा. पांढऱ्या फरश्या, मोठे दिवे. तळमजल्यावर औषधांचं दुकान, तळलेल्या कोंबडीचं हॉटेल आणि मोबाइलवाले आले. मासळीसाठी मागच्या बाजूला थोडे ओटे ठेवले होते, पण त्यांचं भाडं आणि आगाऊ रक्कम ऐकून जुन्या बायका मागे फिरल्या. ज्यांच्याकडे धंद्याच्या नोंदणीचा कागद नव्हता त्यांचा अर्जच घेतला नाही. सेर्वांदाकडे तो कधीच नव्हता. चाळीसेक वर्षं तिला कुणी तो मागितलाही नव्हता. ती बाजारासमोरच्या रस्त्यावर घमेलं घेऊन बसू लागली. पहारेकरी आले की उचलायचं, गेले की मांडायचं.

देल्फा पहिल्यांदा तिथून गेली तेव्हा तिने छत्री पुढे कलती केली, चेहरा झाकायला. पण सेर्वांदानेच हाक मारली.

"अगं इंदाय! लपतेस कशाला? तुझा काय दोष? त्या मेल्यांनी तुलाही फसवलंच की."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने कागदात बांगडे गुंडाळून तिच्या पिशवीत टाकले. "घे, घेऊन जा. तुझं तोंड बघ केवढं उतरलंय."

देल्फाने ते घेतले. 'नाही हो, मला कुणी फसवलं नाही' हे तिथेच म्हणता आलं असतं. तिने बांगडे घेतले, घरी येऊन तळले, आणि तिला एक घासही गिळवेना. रोदेलने दोन्ही ताटांतले संपवले आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिने होकारार्थी मान हलवली.

असं किती तरी दिवस चाललं. लोकांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या सोसल्या असत्या. त्यांची माया तिला सोसवेना. चर्चमध्ये मिस्साला बायका तिच्यासाठी बाकावर जागा करायच्या. ती बसायची आणि मुकाट्याने चपलेकडे बघायची.

नवा बाजार सुरू होऊन एक वर्ष झालं तेव्हा नगरसभेने कराराचा फेरविचार करायला बैठक ठेवली. बाजारातल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी ठरवलं की आपल्या वतीने देल्फानेच बोलायचं. 'जागा मिळतील असं कचेरीनेच मला सांगायला लावलं,' असं तिने भर सभेत म्हटलं, की कंपनी आणि कचेरी दोघांची बोलती बंद होईल. निरोप घेऊन सेर्वांदाची सून आली. देल्फा 'विचार करते' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच सेर्वांदाच्या घरी गेली.

सेर्वांदा परसात बसून मासे चिरत होती. देल्फा समोरच्या पाटावर टेकली.

"मानांग, मला कुणी फसवलं नाही."

"म्हणजे?"

"मी करार वाचला होता."

"वाचला होता, पण कळला नसेल."

"कळला होता. जागेची खात्री नाही, हे मला माहीत होतं."

सेर्वांदाची सुरी चालूच राहिली. एक मासा झाला, दुसरा घेतला.

"मग तसं का बोललीस?"

"तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात. मला तुमचं तोंड पडलेलं बघवलं नसतं." देल्फा थांबली. हेही धड खरं नव्हतं. "आणि सभा रंगली होती. लोक हसत होते."

"हसण्यापायी?" सेर्वांदाने आता वर पाहिलं. "माझा ओटा हसण्यापायी गेला?"

परसातली कोंबडी माशांच्या आतड्यांवर टपून बसली होती, तिला सेर्वांदाने पायाने दूर ढकललं.

"आम्ही तुला बांगडे देत होतो," ती म्हणाली. "आणि तू नेत होतीस."

"हो."

हातातला मासा चिरून झाला. मग सेर्वांदा रोखठोक म्हणाली, "बरं. तेव्हा स्वतःच्या हौसेला खोटं बोललीस ना? आता आमच्या पोटाला बोल. किरिनोने शिकवलं म्हण. त्याचा मेहुणा आहे कंपनीत, त्याचं काही वाकडं होणार नाही. तेवढं तरी देणं लागतेस तू आमचं."

देल्फा मान खाली घालून 'बरं' म्हणाली आणि उठली.

बैठकीला ती ते खोटं पाठ करूनच गेली होती. किरिनो बाजूच्या खुर्चीत बसले होते, कॉलर घामाने भिजलेली. मागच्या बाकांवर बायका. उपमेयर अध्यक्ष होते. त्यांनी विचारलं,

"बाई, जागा मिळतील, असं लोकांना सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

देल्फाने तोंड उघडलं. किरिनो तिला कधीच आवडले नव्हते, पण या बाबतीत त्या माणसाने खरंच काही केलं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. आणखी एकदा याच तोंडाने, याच लोकांसमोर खोटं बोलायचं होतं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "करारात तसं नाही, हे मला माहीत होतं. मीच माझ्या मनाने सांगितलं."

मागे एकच कुजबुज उठली. कुणीतरी "काय म्हणाली ही?" असं मोठ्याने विचारलं. सेर्वांदाने डोळे मिटून घेतले. देल्फाला वाटलं, आता आपण या बायकांना दुसऱ्यांदा बुडवलं.

पण नगरसभेत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "थांबा. म्हणजे मैदानावर लोकांनी हात वर केले ते या कराराला नाही?"

"नाही. त्यांनी माझ्या बोलण्याला हात वर केले."

"मग या कराराला लोकांचा होकार आहे असं नोंदीत कसं लिहिलं आपण?"

या प्रश्नावर वकील एकमेकांकडे बघू लागले. बैठक तहकूब झाली. पुढे बऱ्याच बैठका झाल्या, कंपनीची माणसं आली, चढ्या आवाजात बोलली, गेली, पुन्हा आली. मूळ करार मोडला नाही. शेवटी एक पुरवणी करार करायचं ठरलं. मागच्या, समुद्राकडच्या बाजूचे ओटे जुन्या विक्रेत्यांना जुन्याच भाड्याने, नोंदणीची अट न घालता द्यायचे. तोवर काही जणी वाट बघून थकल्या होत्या. दोघी इलोइलोत घरकामाला लागल्या होत्या आणि एकीने धंदाच सोडला होता. त्यांचे ओटे दुसऱ्यांना गेले.

देल्फाला माहिती विभागातून काढून जन्ममृत्यूच्या नोंदींवर बसवलं. कुणी तक्रार केली नाही, तिनेही नाही. गावात मात्र 'आधी छप्पर पडेल' हा वाक्प्रचार झाला. पैसे वेळेत परत करीन म्हणणाऱ्याला, लग्नाचं वचन देणाऱ्या पोराला लोक हेच ऐकवायचे. रोदेलच्या गाडीत बसून एक गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर म्हणालं, "पोहोचवशील ना वेळेवर, का आधी छप्पर पडेल?" रोदेल त्या दिवशी जेवण बाहेरच उरकून आला; गिऱ्हाइकाचं बोलणं देल्फाला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. देल्फा त्याच्यासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवून बसली होती. तिला वाटलं, आपली लाज आपल्यापुरती राहिली असती तर बरं झालं असतं.

सेर्वांदा तिला आता 'इंदाय' सोडून 'माम', म्हणजे मॅडम, म्हणायची. जन्मदाखल्याच्या खिडकीशी नातवाचा कागद न्यायला आली तेव्हा 'माम, सही कुठे करू?' म्हणाली. देल्फाने बोटाने जागा दाखवली. तिला 'मानांग' म्हणायचं होतं, पण ती नुसती "इथे" म्हणाली.

पुरवणी करारासाठी पुन्हा त्याच मैदानावर सभा झाली. समजावून सांगायला एक नवा तरुण वकील होता. तो सगळं एका सुरात वाचत होता आणि बायका टोप्यांनी वारा घेत होत्या. देल्फा शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसली होती. तिने यायलाच नको होतं असं तिला वाटत होतं, पण घरी बसणं त्याहून वाईट होतं.

भाड्याचं कलम झालं तेव्हा एक मासळीवाली गोंधळली. तिची मान सवयीने मागे वळली. आणखी चारदोन माना वळल्या.

"काय गं, तो म्हणतो तसंच आहे का?" तिने विचारलं.

देल्फाला उभं राहावं लागलं.

"भाडं वाढवायचं असेल तर कंपनीला आधी नगरसभेला विचारावं लागेल, असं लिहिलंय," ती म्हणाली. "नगरसभा काय म्हणेल ते मला माहीत नाही. दहा वर्षांनी काय होईल तेही नाही."

कुणी हसलं नाही. टाळी पडली नाही. बाई "हं" म्हणाली आणि पुढे वळली.

हात वर करायची वेळ आली तेव्हा सेर्वांदा उठली. हात वर करण्याऐवजी तिने तो पुढे पसरला.

"साहेब, हा कागद आम्हाला द्या. माझी भाची शहरात वकिलाकडे काम करते, ती वाचेल. हात पुढच्या रविवारी वर करू."

वकिलाने उपमेयरकडे पाहिलं. उपमेयरने मान डोलावली. सेर्वांदाने कागद घेतला, घडी न घालता दोन्ही हातांनी धरला आणि मधल्या वाटेने निघाली. देल्फाच्या रांगेपाशी येऊन ती क्षणभर थांबली, पण तिच्याकडे न बघताच पुढे गेली. बाकीच्या बायका तिच्यामागून उठल्या. मैदान रिकामं होईपर्यंत देल्फा खांबाला टेकून बसून राहिली, मग चपला शोधून घरी निघाली.