बाबांनी न उचललेला फोन

अन्याय माझ्या बाबांवर झाला. कधी, तेही सांगते: दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या जबलपूरच्या घरात. करणारी मी.

त्या वेळी मी बडा फुहाऱ्याजवळच्या बाजारात पत्रकं वाटत होते. फोनवरून लुबाडणाऱ्यांपासून सावध राहा, अशी. मजकूर माझाच. 'विचारल्याशिवाय कुठलंही बटन दाबू नका' ही ओळ मी जाड अक्षरात टाकली होती. एक पत्रक घरच्या फ्रिजवर चिकटवून बाबांना दमही दिला होता, "तुम्ही काही दाबायचंच नाही. मी आल्यावर बघीन." पत्रकं लिहायची सवय लागली की माणूस घरातही पत्रकासारखाच बोलायला लागतो.

बाबा तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं लेथ मशीनवर होते. आत मोबाईल न्यायला बंदी, गेटवर जमा करायचा, म्हणून त्यांनी तो कधी घेतलाच नाही. आई गेल्यावर मी स्मार्टफोन आणून दिला. तापलेल्या तव्याला लावावं तसं ते त्याला एक बोट लावायचे आणि मागे घ्यायचे. मला चीड यायची. "द्या इकडे," म्हणून मी तो हातातून ओढायचे, क्षणात काम उरकून परत द्यायचे. वर टोमणा, "म्हणे तोफगोळे घडवले!"

"अरे बेटा, तोफगोळ्याला स्क्रीन नव्हती ना," ते हसून म्हणायचे.

त्या मंगळवारी नागपूरच्या दवाखान्यातून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आत्या म्हणजे बाबांची एकुलती एक धाकटी बहीण. तिला श्वास घेता येत नव्हता. थोड्या वेळात घशात नळी घालणार होते, मग बोलणं बंद. त्याआधी तिला दादा बघायचा होता. आतेभावानं फोन तिच्यासमोर धरला. इकडे तीनदा वाजला. त्यानं मलाही लावला होता, पण बाजाराच्या गोंगाटात मला ऐकू आला नाही.

मी दीडला घरी पोचले. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, फोन समोर टेबलावर.

"तिचा फोटो आला होता," ते म्हणाले. "वाजून राहिला होता. खाली हिरवं दिसत होतं."

"मग काहून नाही उचलला?"

"तू नाही म्हटलं होतं ना."

मी नागपूरला फोन लावला. नळी घालून झाली होती. आतेभाऊ म्हणाला, "आई विचारत होती, दादा काहून दिसून नाही राहिला?"

आम्ही मिळेल त्या गाडीनं गेलो. आत्या बेशुद्ध होती. चौथ्या दिवशी गेली.

परतल्यावर बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मीच बोलले, तेही वाईट. "बाबा, एक बोट तर लावायचं होतं!"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. "हिरवं म्हणजे मशीन चालू. उस्तादानं तपासल्याशिवाय हिरव्याला हात लावायचा नाही. माझ्या शेजारच्यानं लावला होता घाईत. दोन बोटं गेली त्याची."

ज्याला मी अडाणीपणा म्हणत होते, त्यानं या माणसाची दहा बोटं पस्तीस वर्षं शाबूत ठेवली होती. आणि त्यांची उस्ताद कोण? मी. हातातून ओढून घेणारी.

"नवीन लोकांना कसं शिकवायचे तुम्ही?" मी विचारलं.

"पहिले मशीन बंद. नुसता हात बसवायचा. मग भंगारच्या तुकड्यावर. बिघडला तर बिघडला, भंगारच आहे."

तसंच केलं. फोन बंद करून त्यांच्या हातात दिला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी स्क्रीन काढली, ते चष्मा लावून तिच्यावर बोट फिरवत बसले. मग मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कॉल लावायला लागले. त्यांनी तो कितीदा तरी कापला. माझे हात शिवशिवायचे.

सहाव्या दिवशी त्यांनी उचलला. स्क्रीनवर माझा चेहरा आला.

"अच्छा," ते म्हणाले. मग, "इतकंच होतं?"

फोन पालथा ठेवून ते अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागे गेले नाही.

आता दर रविवारी ते आतेभावाला स्वतः कॉल लावतात. यादीत आत्याचं नाव अजून आहे. तिथे बोट आलं की ते थांबतात आणि पुढे सरकतात. ती भीती नाही, आणि जे आहे ते घालवायची कुठलीही रीत माझ्याकडे नाही.

तुमच्या घरातही कुणीतरी फोनकडे बघत तुमच्या येण्याची वाट पाहत असेल. त्यांना घाबरट म्हणणं थांबवा. आज, दिवस मावळायच्या आत, त्यांच्याशेजारी बसा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि त्यांना चुकू द्या. तुम्हाला वेळ नाही, हे मला सांगू नका. मलाही नव्हता.