सुती साडीचे दोन इंच

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. ते गेले, तरी नाही सांगितली. बहिणीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातही नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, चहाही टाकलाय, तर — ऐसा है कि — सांगूनच टाकते. पण सरळ नाही सांगता येणार. जरा फिरून फिरून येईन. वजनदार बाई आहे मी, वळायला वेळ लागतो.

हसलात ना? हसा. बाई स्वतः इतकी गोल, आणि बारा वर्षं इंदूरच्या परदेशीपुऱ्यात बायकांना बारीक व्हायचे वर्ग चालवत होती. मलाही हसू येतं.

मिल बंद झाली तेव्हाची गोष्ट. हे फोल्डिंग खात्यात होते — तयार कापड मोजायचं, घड्या घालायच्या, डाग-दोष बघायचे. एक दिवस भोंगा वाजला नाही, दुसऱ्या दिवशी वाजला नाही, आणि मग सगळ्या मोहल्ल्याला कळलं की आता वाजणारच नाही. पुरुष ओट्यावर बसून पत्ते खेळायला लागले. आमचे पूर्वज दरबारात कारकून, त्यामुळे घरात अक्कड भरपूर, डब्यात पीठ कमी. मला काहीतरी करणं भाग होतं. शिवणकाम येत नव्हतं, पापड लाटायचा कंटाळा. मग काय करणार?

रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात चार पानं होती — शरीराच्या ठेवणीप्रमाणे चरबी कमी करायचे व्यायाम. म्हणजे सगळ्यांना एकच दवा नाही. ज्याचं शरीर जसं, त्याचा व्यायाम तसा. शाळेत शिकवणाऱ्या नणंदेकडून अर्थ विचारून मी ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवलं. त्यात फळांची नावं होती, ती मला काही पटेनात. इंदूरच्या बाईला फळाची उपमा देऊन काय कळणार? मी आपली नावं दिली. वरपासून खालपर्यंत सरळ, पण अंगात दम नाही — ती सेव, आपली बेसनाची शेव. सगळा ऐवज मधोमध, पोटावर — ती कचोरी. आणि खालून भारी, मांड्या-कमरेकडून — ती गराडू, थंडीत तळून खातो आपण, तो जाडजूड कंद.

अहो, काय चाललं ते! बायका गच्चीवर यायच्या आणि स्वतःच विचारायच्या, वहिनी, मी कोण? कोणाला राग नाही आला. रस्त्यात एकमेकींना हाका मारायच्या, ए गराडू, किधर चली! सेवेला वजन उचलायला, गराडूला जिने चढायला, कचोरीला जमिनीवर पडून पाय वर-खाली. पदर कमरेला घट्ट खोचून, सकाळी सातला, गच्चीवर चौदा-पंधरा बाया. खालून ह्यांचे मित्र ओरडायचे, भिया, छत गिरेगी! आम्ही हसून हसून बेजार. खरं सांगते, तेवढं मी आयुष्यात हसले नाही. मिल बंद पडलेल्या मोहल्ल्यात सकाळी हसायचा आवाज फक्त आमच्या गच्चीवरून यायचा.

हे सगळं खरं होतं. व्यायाम खरे, घाम खरा. मग खोटं काय?

येते. त्यावरच येते.

माप. पहिल्या दिवशी कमरेचं माप घ्यायचं, वहीत लिहायचं, महिन्याने परत घ्यायचं. टेप ह्यांचा, मिलमधला. आणि माप घ्यायचं साडीवरूनच, कारण गच्चीवर परकर-पोलक्यात कोण उभं राहणार? पहिल्या दिवशी सगळ्या मिलच्या सुती साड्या नेसून आल्या. सगळ्यांच्याच घरी त्याच होत्या, मिलच्या दुकानातून घेतलेल्या, कांजी केलेल्या, कडक. महिन्याने माप होतं त्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांनी फेरीवाल्याकडून घेतलेल्या नव्या सिंथेटिक साड्या नेसल्या — फुलाफुलांच्या, अंगाला चिकटून बसणाऱ्या. मी टेप लावला, आणि एकेकीचे दोन-दोन इंच कमी!

काय आरडाओरडा झाला! एकीने तिथल्या तिथे नवऱ्याला जलेबी आणायला पिटाळलं. बारीक झालो म्हणून जलेबी खाल्ली आम्ही. मीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मला चैन पडेना. मी तर व्यायाम करतच नव्हते, नुसती ओरडायचे. म्हटलं, बघू तरी. आरशापुढे सुती साडीवरून टेप लावला. मग सिंथेटिक नेसले, परत लावला. दोन इंच कमी. एका दुपारीत मीही बारीक झाले होते! निऱ्यांचा गठ्ठा आणि कांजी, बस्स. हे नेहमी म्हणायचे, कडक कापड फुगतं, मोजताना त्याचा विश्वास धरू नये. माझ्या कानावरून शंभरदा गेलेलं वाक्य.

तेव्हा हसून सांगितलं असतं तर? सगळ्या खो-खो हसल्या असत्या, दुसरं काय? पण नवीन आठ बाया त्याच आठवड्यात नाव घालून गेल्या होत्या. आणि — हे पण सांगते — मला मोठेपणा आवडायला लागला होता. बाजारात बाया हात धरून म्हणायच्या, वहिनीजी, तुमच्या हातात जादू आहे. आयुष्यभर चकल्या बिघडवणाऱ्या बाईच्या हातात जादू!

मग मी नियमच केला. पहिल्या दिवशी सुती साडीतच यायचं, घाम टिपला जातो. मापाच्या दिवशी चांगली साडी, शुभ असतं. कोणी विचारलं नाही का म्हणून. ज्या कापडापुढे आमची मिल टिकली नाही म्हणतात, त्याच कापडाने माझा वर्ग चालवला. गंमत आहे की नाही?

इथपर्यंत गंमतच आहे. आता कुसुम.

कुसुम आमच्या मागच्या गल्लीतली. तिचा नवराही मिलचा, साच्यावर, म्हणजे मागावर. माहेर महूचं, आजोबा पलटणीत होते, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आजोबांचा वर्दीतला फोटो, आणि खाली खिळ्यावर त्यांचा चामडी पट्टा, पितळी बक्कलाचा. ही लहानपणी तो पट्टा फ्रॉकवर दोनदा गुंडाळून परेड करायची. आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्रं उठून बसायचं. आणि ठेवण — शंभर टक्के कचोरी. ती स्वतःच म्हणायची, वहिनी, मी कचोरी, ती पण डबल मसाल्याची.

शहराबाहेर, राऊच्या पुढे नवा कारखाना निघाला. गेटवर लेडीज गार्ड हव्या होत्या, बाई कामगारांची झडती घ्यायला. नवीनच चीज होती तेव्हा, बाईला पँट-शर्टाची वर्दी! कुसुमने ऐकलं आणि ती बदललीच. अट एकच: वर्दी तयार यायची, सगळ्यांत मोठी कंबर छत्तिसाची, ती बसली पाहिजे. हातात तीन महिने होते. पहिल्या दिवशी कडक सुती साडीवरून माझा टेप म्हणाला, चाळीस.

तिच्याइतकी मेहनत कोणी केली नाही. गोड सोडलं, तळलेलं सोडलं, सकाळचे पोहे सोडले — इंदूरमध्ये राहून पोहे सोडणं म्हणजे काय, तुम्हीच समजा. गच्चीवर सगळ्यांच्या आधी हजर. महिना झाला, नव्या साडीत माप घेतलं. अडतीस.

म्हणजे काय? म्हणजे काहीच नाही. एक सूतही नाही. मला ठाऊक होतं ना! आणि त्या मासिकात स्पष्ट लिहिलं होतं — माझ्याच अक्षरात वहीत होतं — की ह्या ठेवणीच्या माणसाला महिन्यात फरक पडला नाही, तर पडून करायचे व्यायाम बंद करा, रोज तासभर झपझप चालवा. बाकी खरं-खोटं देव जाणे, पण तेवढं सांगणं माझं काम होतं. सांगायचं तर आधी म्हणायला हवं होतं, कुसुम, फरक पडला नाही. आणि गच्चीवर अठरा बाया टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या.

ती आणखी दोन महिने पाठीवर पडून पाय वर-खाली करत राहिली.

शेवटच्या मापाच्या आधी एक दिवस ती जरा गोंधळून आली होती. म्हणाली, "वहिनी, आजोबांचा पट्टा लावून बघितला. शेवटच्या भोकालाही पुरत नाही. असं कसं?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "चामडं आखडलं असेल. जुनं आहे ना."

मी म्हटलं, "आखडतं."

बस्स. एक शब्द. मापाच्या दिवशी मी तिला श्वास सोडायला लावला, टेप असा खेचला की तिचे डोळे बाहेर आले, आणि ओरडले — छत्तीस! तिने मला उचललं हो. खरंच उचललं, गच्चीवर गरकन फिरवलं.

सोमवारी ती पट्टा पिशवीत घालून टेम्पोने राऊला गेली. दुपारी बाराला परत. घरी न जाता सरळ माझ्याकडे. मी दार उघडलं आणि म्हटलं, आता ही माझ्या झिंज्या धरणार. धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "वहिनी, त्यांची पँट खोटी निघाली."

मग तिने सगळा तमाशा करून दाखवला. दोन बाया दोन्हीकडून पँट ओढतायत, सुपरवायझर दाराबाहेरून विचारतोय, हो गया क्या, आणि ही आतून ओरडतेय, परदेशीपुऱ्यात जाऊन विचारा माझी कंबर किती आहे ते! हे पोट धरून हसत होते. मीही हसले. हसण्यासारखंच सांगत होती. मग तिने पाणी मागितलं. प्यायली. सांवेरची कोणी काटकुळी बाई घेतली म्हणाली. पिशवीतून पट्टा काढला, पदराने बक्कल पुसलं, परत ठेवला. म्हणाली, "तू तर सगळं बरोबर केलंस गं. त्यांचंच माप वाकडं."

पुढच्या वर्षी तिने नवऱ्याबरोबर पोह्यांचा ठेला लावला. झकास चालला, पोरं शिकली, पक्कं घर झालं. लोक म्हणतात, बरंच झालं नोकरी नाही लागली ते. मी तसं म्हणू शकत नाही. तिला ठेला नको होता, तिला वर्दी हवी होती. आणि वर्ग चालला तितकी वर्षं, दर नव्या बाईला तीच माझ्याकडे हात धरून आणायची. म्हणायची, हिच्या मापात एक सुताची चूक नाही.

वर्ग कधीच बंद झाला. गेल्या महिन्यात कुसुम आली, नातीला घेऊन. नात सिमरोलच्या कॉलेजात सिक्युरिटीत लागली. पहिल्या दिवसाची वर्दी, कडक इस्त्रीची, बूट चकाचक. पेढे देऊन पोरगी माझ्या पाया पडली. तिच्या कमरेला तोच पट्टा, पितळी बक्कल लखलखतंय, आणि शेवटच्या भोकापासून दोन भोकं आत बसलेलं.

कुसुम त्या बक्कलाकडे बघत होती. मग तिचा चेहरा असा खुलला, तोच तो गच्चीवरचा. मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ वहिनी, एवढ्या वर्षांनी चामडं सैल झालं."

मी म्हटलं, "तेल लावत असशील तू."

"दर दिवाळीला," ती म्हणाली.