तेरावा प्रश्न

कागलात भूपाल मगदूम असं नाव विचारलं तर चार माणसं डोकं खाजवतील, पण 'अक्षरवाले मगदूम सर' म्हटलं की कुणीही घरापर्यंत आणून सोडेल. पस्तीस वर्षं सरांनी प्राथमिक शाळेत काढली. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पुढं तलाठी होवो नाहीतर किराणा दुकानदार, त्याचं अक्षर बघून लोक म्हणायचे, "मगदूम सरांचा दिसतोय." सत्काराची मानपत्रं, जैन बस्तीतल्या पूजेचे फलक, लग्नाच्या पाकिटांवरचे पत्ते सगळे सरांच्याच हातचे. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी ओसरीवर वीसेक पोरं बसलेली असायची. "ज्याचं अक्षर वाकडं, त्याचं मन वाकडं," हे सरांचं ठरलेलं वाक्य. आणि त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

अशा माणसाच्या घरात आदिती जन्माला आली. मुलगा पारस आणि सून स्वप्नाली यांची ही एकुलती एक पोर. बोलायला अशी तरतरीत की ऐकणारा कामधंदा विसरावा. तिसरीत असताना ग्रहणाची सगळी गंमत तिनं शेजारच्या बायकांना लिंबू आणि बटाटा घेऊन समजावली होती. पण त्या समजावण्यात बटाटा तीनदा हातातनं निसटला. फ्रॉकचं बटण तिला लागत नव्हतं. दुधाचा पेला ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा अंगावर. रोजच्या उंबऱ्याला रोज ठेचकळायची. आणि वही उघडली की वारुळातनं मुंग्या सांडल्यागत अक्षरं. एक ओळीच्या वर, दुसरं खाली, तिसरं शेजारच्याच्या अंगावर.

एका लग्नात जुन्या सहकाऱ्यानं हसत हसत म्हटलं, "काय सर, दिव्याखाली अंधार की!" सर हसले, पण ते बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी आदितीला पहाटे उठवून पाच पानं लिहायला बसवलं. पाचाची आठ झाली. पट्टी आली. पट्टीनंही काही होईना, तेव्हा एका संध्याकाळी सरांनी तिचं लिहिलेलं पान पिनेनं तिच्या फ्रॉकच्या पाठीवर लावलं आणि ओसरीवर बसलेल्या वीस पोरांपुढं तिला फिरवलं. पोरं हसली. आदिती रडली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि ती ज्या कोपऱ्यात उभी होती तिथून तिला स्वप्नालीनं उचलून आत नेलं.

"मामा, बास झालं," सून त्या दिवशी पहिल्यांदा सासऱ्यासमोर आवाज चढवून बोलली. "तिच्या वर्गाच्या बाई कवापास्नं सांगायला लागल्यात, कोल्हापुरात दाखवा म्हणून. मी नेणार हाय."

"आळसाला काय दाखवायचं?" सर म्हणाले.

पण पारसची एमआयडीसीत दुसरी पाळी, आणि आदितीनं हट्ट धरला की आज्जा पाहिजेच. सर गेले.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या तपासणीचं केंद्र होतं. डोळे, कान बालरोगतज्ज्ञांकडून आधीच तपासून झाले होते. सगळं ठीक होतं. बुद्धीची चाचणी एक मानसशास्त्रज्ञ घेणार होत्या, आणि हातापायांच्या हालचालींची मोना मॅडम. मॅडम पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सात पानांचा फॉर्म पुढं केला. स्वप्नालीनं तो सासऱ्यांकडं सरकवला. "तुम्हीच भरा मामा, तुमच्याएवढं चांगलं कोण लिहिणार?"

सरांनी शाईचं पेन काढलं. मूल कधी चाललं, कधी बोललं, पडतं का, सांडतं का. सगळं त्यांनी स्वप्नालीला विचारून लिहिलं. मग ती आदितीला पाणी द्यायला उठली आणि तेरावा प्रश्न आला. 'लिहिण्यावरून किंवा धांदरटपणावरून मुलाला घरी वा शाळेत शिक्षा झाली आहे का? असल्यास कोणती?'

सरांचं पेन थांबलं. समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. ती आपल्या कागदात बघतेय की काय असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, 'नाही. घरातील सर्वजण प्रेमाने समजावतात.' मोत्यासारखं अक्षर, एक काना इकडचा तिकडं नाही.

तपासणीच्या खोलीत आदितीनं त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून घेतलं. मॅडमनी छिद्रांची पाटी ठेवली, त्यात खुंट्या बसवायच्या होत्या, घड्याळ लावून. मग दोऱ्यात मणी. मग आखलेल्या पट्टीवरून टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत चालणं, एका पायावर उभं राहणं, चेंडू झेलणं. आदिती जीव तोडून करत होती. खुंटी हातातनं पडली की स्वतःच "सॉरी" म्हणायची. एका पायावर ती तीन आकडे मोजेपर्यंत कलली, आणि कलताना तोंडानं सांगत होती, "मला कळतंय मॅडम कसं उभं ऱ्हायचं ते, पाय ऐकत न्हाईत." इतकी वर्षं रोज एकाच घरात राहून सरांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल, आणि उलट उत्तर म्हणून पट्टी उचलली असेल.

शेवटी मॅडमनी कागद-पेन्सिल दिली. आदितीनं पेन्सिल घेतली, खुर्ची मागं ढकलली, पाठ भिंतीला टेकवली आणि मग डावा हात मागं नेऊन पाठीवर धरला. तशीच लिहायला लागली.

"पाठीला काय झालंय गं?" मॅडमनी विचारलं.

आदितीनं मॅडमकडं पाहिलं नाही. आज्जाकडं पाहिलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "खाजतंय."

सरांना कळलं, नऊ वर्षांची पोर आपल्यासाठी खोटं बोलली. पस्तीस वर्षं वर्गात 'खरं बोला' शिकवलेल्या माणसाला त्या क्षणी तोंड उघडता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरी बैठक झाली आणि मग अहवाल. "याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात," मोना मॅडम म्हणाल्या. "काय करायचं ते तिला पक्कं कळतं. ते हातापायांना क्रमानं सांगताना मेंदूचा घोळ होतो. शब्दांच्या, विचाराच्या चाचणीत ती वयाच्या पुढं आहे. म्हणून तर लोकांना वाटतं, एवढं येतंय तर हे का येत नाही, मुद्दाम करते." त्या थांबल्या. "आळस नाही हा. एक पान लिहायला तिला जितके कष्ट पडतात, तितक्यात दुसरं पोर दहा पानं लिहील. रोज किती लिहवून घेत होता?"

"आठ," स्वप्नाली खाली बघत म्हणाली.

मॅडमनी फॉर्म उलटला. "शिक्षा झालेली नाही, असं इथं लिहिलंय. पण पाठीला कुणी हात लावला की ती दचकते. शाळेत काही झालं होतं का?"

स्वप्नालीनं मान वळवून सासऱ्यांकडं पाहिलं. त्या दिवशी फॉर्म देताना तिनं तेरावं उत्तर वाचलं होतं, हे सरांना तेव्हा कळलं. मग ती परत जमिनीकडं बघायला लागली. नातीनं झाकलं, आता सुनेनं झाकलं, आणि दोघींच्या पदराआड हा साठीचा माणूस गप्प बसून राहिला.

कागलपर्यंतच्या एसटीत आदिती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. त्यांना ते डोकं उचलून बाजूला ठेवावंसं वाटत होतं. ती मांडी तिच्या लायकीची नव्हती.

सोमवारी सर एकटेच राजारामपुरीत गेले. मोना मॅडमना म्हणाले, "मी खोटं लिहिलंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी, पान, पिन, वीस पोरं.

मॅडमनी धीर दिला नाही. कोरा कागद दिला. "हे असंच लिहून द्या. मला तिच्याबरोबर काम करायचंय, तर ती कशाला भिते ते मला माहीत पाहिजे." सर लिहीत असताना त्यांनी विचारलं, "पाठीला कागद लावायचं कुठून सुचलं?"

"शाळेतलं हाय. जुनं."

"किती मुलांना लावला असेल?"

सर मनातल्या मनात मोजायला लागले. मोजता येईना.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, घरातली सगळी जेवायला पानावर बसली होती तेव्हा सर पारस आणि स्वप्नालीसमोर नातीला म्हणाले, "आदिती, माझं चुकलं. तू आळशी न्हाईस."

तिनं घास तसाच धरला. "हे मॅडमनी सांगितलं म्हणून, का तुम्हाला वाटतंय म्हणून?"

पारस हसायला गेला आणि थांबला. सरांना खोटं बोलणं सोपं होतं. "मॅडमनी सांगितलं तवा कळलं," ते म्हणाले.

"बरं," आदिती म्हणाली, आणि आमटी सांडत जेवायला लागली.

ओसरीवरची संध्याकाळची शिकवणी सरांनी बंद केली. पण मोजदाद काही थांबेना. एक नाव स्पष्ट आठवत होतं. क्रांती पोवार. चौथीतली, लांब वेणीची, तोंडाळ. तिच्या पाठीवर कागद लावून त्यांनी तिला सातवीच्या वर्गापर्यंत फिरवलं होतं. सातवीनंतर ती शाळेत आली नाही. बिद्रीजवळच्या एका गावात दिलीय, एवढं सरांच्या कानावर होतं. एका दुपारी ते विचारत विचारत तिच्या दारात पोचले.

ती गोठ्यातनं आली, बघितलं, आणि ओल्या हातानंच वाकून पाया पडली. "सर! या की, आत या!"

सर पाय मागं घेऊ लागले, तोवर ती पाया पडून उठलीसुद्धा. चहा टाकला. बोलत होती धबधब्यासारखी. बचत गटाची ती अध्यक्ष, ग्रामसभेत तिच्यापुढं पुरुषांची दातखीळ बसते, असं तिची सासूच कौतुकानं सांगत होती. तेवढ्यात एक बाई गटाचा कागद घेऊन आली. सोबत शाईची डबी. क्रांतीनं कागद वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला, एक चूक काढली, आणि मग डबीत अंगठा बुडवून खाली उमटवला.

सर बघत राहिले. "तुला लिहायला येतंय की गं."

"येतंय की," ती अंगठा पदराला पुसत म्हणाली. "पर चार माणसांत मी लिहीत न्हाय, सर. सवय मोडली."

सासू आत गेल्यावर सरांनी सांगितलं. नातीचं, तपासणीचं, डिस्प्रॅक्सियाचं. "तुझ्या हातातनं बी डबा पडायचा. कवायतीत तू उलटी वळायचीस. तुलाबी तेच असंल, नसंल, मला सांगता येत न्हाय. पण तुझी चूक नव्हती, क्रांती. माझी होती."

एवढा वेळ बोलणारी बाई गप्प झाली की घर केवढं मोठं होतं, ते सरांना कळलं.

"मला वाटायचं, माझंच वंगाळ हुतं म्हणून सरांनी लावलं असंल," ती म्हणाली. "मी माझ्या पोरीला बी तेच सांगत आलो. आईगत करू नगंस, नीट लिही म्हणून." मग म्हणाली, "हे तवाच सांगाय पायजे हुतं, सर."

"व्हय," सर म्हणाले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मात्र केंद्राचा पत्ता तिनं मागून घेतला, मोबाइलमध्ये बोलून साठवला. निघताना ती पुन्हा पाया पडली नाही, आणि सरांना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

आदिती आता दर शनिवारी मोना मॅडमकडं जाते. शाळेनं तिला परीक्षेत जादा वेळ दिलाय. वरची दोन बटणं ती लावते, खालची राहतात. सर तिला नेतात, आणतात. ती हल्ली त्यांच्यापुढं वही उघडत नाही, आणि ते मागत नाहीत.

क्रांतीनंतर दुसरं नाव आठवलं ते जोतीरामचं. त्याच्याही पाठीवर सरांनी कागद लावला होता. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, असं पारसनं शोधून काढलं. पाळी सुटायच्या वेळेला सर गेटबाहेर जाऊन उभे राहिले. माणसांचा लोंढा आला. पारसनं मोबाइलवर फोटो दाखवला होता, त्यावरून सरांनी त्याला ओळखलं आणि नावानं हाक मारली. जोतीरामनं वळून बघितलं. ओळखलं. क्षणभर तो होता तिथंच उभा राहिला. मग त्यानं हेल्मेट चढवलं, गाडीला किक मारली आणि सरांच्या बाजूनं, त्यांच्याकडं न बघता, निघून गेला. गर्दी ओसरून गेट बंद होईपर्यंत सर रस्त्याच्या कडेला उभे होते.