गाडीसाठी गोडं पाणी

होळी झाली की आमच्या घरात तीन कामं ठरलेली. कूलरचं जुनं गवत काढून नवं बसवायचं, माठ धुऊन खिडकीत ठेवायचा आणि गाडी उन्हाळ्याला तयार करायची. पहिली दोन आईची. तिसरं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि त्यात कुणी लुडबूड केलेली त्यांना खपत नसे. सारी नोकरी त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं अजिंठ्याच्या घाटात. गाडीची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्येच असते, बाकीचं वर्ष ती नुसती हजेरी लावते, असं त्यांचं मत.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर अरुंद करून टाकली. समोरचं धूसर दिसतं, बाजूचं काहीच नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हटलं, तेव्हा मला वाटलं, आता महिनाभर घरात धुसफुस चालणार. पण दवाखान्याच्या दारातच त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः डावीकडच्या दारानं आत बसले. त्यानंतर त्या किल्लीला त्यांनी हात लावला नाही. मला जेवताना मोबाइल बाजूला ठेवायचा म्हटलं तरी जिवावर येतं, त्यामुळे या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात या गाडीवर एक मोठी जबाबदारी आली. धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला होता. तिचं सासर अजिंठ्याचा घाट उतरून पुढच्या एका गावात. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला महिनोन् महिने पडूनच राहायला सांगितलं. सातव्यात माहेरी आणायची पद्धत, तीही राहून गेली. एप्रिलच्या अखेरीस परवानगी मिळाली, पण अटी घालून. धक्के नकोत, ऊन नको, वाटेत ताटकळणं तर मुळीच नको.

बहिणीच्या काळजीत त्या वर्षी होळीनंतरचं गाडीचं काम मागं पडलं होतं. अण्णांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकं थंड असतानाच, अंगणात आले. त्यांना काम करताना बघणं ही एक पर्वणी असते. डोळ्यांचं जे गेलं ते सगळं त्यांच्या हातांत उतरलंय. चारी टायरांवरून तळवा फिरवून त्यांनी एका टायरमध्ये रुतलेली बारीक खडी काढली. बॉनेट उघडून इंजिनाचा पट्टा दोन बोटांत धरून पिळून पाहिला. मला गाडी चालू करायला लावली आणि इंजिनाला वारा घालणाऱ्या पंख्याचा आवाज डोळे मिटून ऐकला. मी त्यांना सुचवलं, की एसीचा गॅस भरून घेऊ, झालं. ते म्हणाले, "गॅस माणसाला. इंजनाला काय?"

मग गाडी बंद करून, पुरती थंड झाल्यावर, रेडिएटरचं टोपण काढलं. आत बोट घातलं, बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं आणि थांबले.

"पाणी कोणतं घातलंस रं?"

"पाणीच. आपलं नेहमीचं."

इथं आमच्या शहराचं एक सांगायला हवं. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा आलं तर नशीब. त्यामुळे प्यायला नळाचं आणि वापरायला बोअरचं, अशी घरोघर वाटणी. बोअरचं पाणी खारट, साबणाला फेस येऊ न देणारं. कूलरच्या मोटरीवर पांढरी पुटं चढवतं तेच. हिवाळ्यापासून गाडीचं पाणी कमी दिसलं की मी खुशाल बोअरचं ओतत होतो. माणसांना प्यायला पुरत नाही आणि गाडीला काय गोडं पाणी पाजायचं, असा माझा हिशेब. त्या हिशेबावर मी मनातल्या मनात खूशही होतो.

आई बाजूला कुरडया वाळत घालत होती. अण्णांनी तिच्याकडून स्टीलची एक ताटली मागून घेतली, गाडीतल्या पाण्याचे चार थेंब तिच्यावर टाकले आणि ताटली उन्हात ठेवली. थोड्या वेळात थेंब वाळले आणि त्या जागी चार पांढरी कडी उरली. त्यांना ती दिसत नव्हती. त्यांनी नखानं खरवडून पाहिली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच अण्णा बोलले. "माझ्याकडून चूक झाली. गाडीत बोअरची बादली ओतली. दिसलं नाय मला."

आईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताटलीकडे पाहत होतो. त्या वेळी बोलायला हवं होतं, आणि मी बोललो नाही. ज्या माणसाला गाडी चालवण्याखेरीज कशाचाच अभिमान नव्हता, त्यानं आपल्या डोळ्यांवर आळ घेतला आणि मी तो घेऊ दिला. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

पुंडलिकनगरातल्या ओळखीच्या मेकॅनिकनं औषध घालून रेडिएटर मोकळा केला. त्यानंतर दोनदा गोड्या पाण्यानं धुवा, म्हणाला. त्याच्याकडंही बोअरच होतं. नळ येऊन आठ दिवस झाले होते आणि पुढचा पत्ता नव्हता. मी घरी येऊन, गाडीसाठी गोडं पाणी हवंय, एवढंच आईला चाचरत सांगितलं. तिनं स्वयंपाकघरातला प्यायच्या पाण्याचा हंडा, त्यावरची कळशी आणि माठात सकाळीच भरलेलं पाणीसुद्धा काढून दिलं. दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांकडून तांब्या-तांब्यानं मागून प्यायलो. तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि तेच मला जड गेलं. मेकॅनिकनं धुऊन कूलंट भरलं आणि सांगितलं, की कित्येक महिन्यांचा क्षारांचा थर आहे, सगळा निघालेला नाही, चढावर लक्ष ठेवा.

तिसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो, मी आणि अण्णा. बेत असा, की बहिणीला घेऊन आठपर्यंत माघारी फिरायचं, ऊन चढायच्या आत घाट चढून वर यायचं. पण लेकीसारखी सून घराबाहेर पडताना ओटी भरल्याशिवाय पाठवतात होय! गल्लीतल्या सगळ्या बायका येईपर्यंत, नारळ, खण, पेढे होईपर्यंत अकरा वाजले. अण्णा ओसरीवर शांत बसले होते. फक्त तळवा तेवढा गुडघ्यावर सारखा घासत होते.

संध्याकाळची वाट पाहिली तर वाटेतच रात्र झाली असती, म्हणून बहिणीला मागच्या सीटवर बसवून तसेच निघालो. घाटात ऊन नुसतं ओतत होतं. निम्मा चढ झाला असेल, अण्णांनी मान तिरकी केली.

"पंखा थांबंना झालाय. गरमीचा काटा कुठं हाय?"

"अर्ध्याच्या वर."

"लालच्या किती खाली?"

"दोन बोटं."

"थांबू नको, इथं सावली नाय. एसी बंद कर. काचा खाली घे. आन हीटर लाव. फुल."

एप्रिलात हीटर! मी आरशातून बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा घामानं निथळत होता, दोन्ही हात पोटावर. ती म्हणाली, "दादा, अण्णा म्हणतात तसं कर."

मी हीटर लावला. हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो, ती सगळी आग आत येऊ लागली. अण्णांनी चाचपडत समोरच्या हवेच्या जाळ्या एक-एक करून स्वतःच्या अंगाकडे वळवल्या, माझ्या बाजूच्यासुद्धा, मागं झळ कमी जावी म्हणून. मग गळ्यातला पंचा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून मागं दिला. "मानेला गुंडाळ माय." मग मला, "घाई नको. दुसऱ्या गेरात ठेव रं, झटका देऊ नको." दरवेळी वळण यायच्या आधीच ते सांगत होते, "आता डावं, मोठं हाय." एकही चुकलं नाही. काटा आधी थबकला, मग केसभर उतरला.

वर अजिंठा गावाशी कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी उभी केली. अण्णांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि गाल लालभडक झाले होते. त्यांनी आधी विचारलं, "कसं वाटतंय माय?"

"लाथा मारतंय," बहीण म्हणाली. मग ती हसली आणि तिला रडूही आलं.

मी अण्णांना धरून गाडीबाहेर आणलं, सावलीत बसवलं. म्हटलं, "अण्णा, ते पाणी मी घातलं होतं."

"ठाव हाय."

"मग तुम्ही कशाला..."

"गाडी तू चालवणार व्हतास. तुझ्या आईचा तुझ्या हातावर भरवसा पायजे व्हता. माझ्या डोळ्यांवरचा तर तसाबी गेलेला."

इंजिन निवेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. 

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. आईनं बहिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी ओवाळलं, तिला आत नेऊन कूलरपुढं निजवलं. ती डोळे मिटून पडल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगून टाकलं, की बोअरचं पाणी अण्णांनी नाही, मी ओतलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी.

आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "बोअरचं पाणी त्यांना बोट लावलं की कळतं. अंघोळीला बादली बदलली तर पहिल्या तांब्यालाच हाक मारतात. ते चुकतील होय?"

"मग तू त्या दिवशी काहीच का बोलली नाहीस?"

"त्यांनी तुला झाकलं होतं. मी कशाला उघडं करू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आणि हंडा मी गाडीसाठी नव्हता दिला. तू खरं सांगायला येशील म्हणून दिला होता. तीन दिवस लावलेस."