लक्ष्मीचे लाडू

टाळेबंदीत घरी केलेल्या गोडाच्या फजितीचे दोन पाठ सर्वत्र सांगितले जातात. पहिल्यात साखरेच्या जागी मीठ पडते. दुसऱ्यात कुकरमधला केक फुगत नाही आणि तो फोडायला खलबत्ता काढावा लागतो. तिसरा पाठ केवळ नागपुरात आढळला असून त्याचा निवेदक, आता काय सांगू, मीच आहे.

पत्नीचा, शालिनीचा, साठावा वाढदिवस होता. आधीचे दोन वाढदिवस मी लोककथा गोळा करत गावोगाव फिरत असल्याने हुकले होते. या वर्षी हुकवायला जागाच नव्हती. फाटकाबाहेर पडायला बंदी होती. गोड मी करणार, असे मी जाहीर केले.

शालिनी मूळची नागपूरचीच. मी तीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला.

"गॅसचं बटन कोणीकडे फिरवतात, ते तरी माहीत आहे का तुमाले?" तिने विचारले.

मी डबे उघडले. साखर तळाला गेलेली, रवा संपलेला, दूध चहापुरते. ज्वारीचा भरडा, मेथ्या, ओवा, हळद आणि लकडगंजातून पूर्वी आणलेली गुळाची एक छोटी ढेप, एवढाच ऐवज. दुसरा कोणी हताश झाला असता. माझ्याकडे मात्र वही होती.

उमरेडकडच्या एका गावात गिरजाबाई नावाच्या आजींनी मला ओव्या सांगितल्या होत्या आणि जाता जाता एक कृतीही. ती मी शब्दशः उतरवली होती: 'आमच्या लक्ष्मीले अशक्ती आली का ढेप रातभर भिजवाची. त्यात भरडा, मूठभर मेथ्या, मूठभर ओवा, हळद. गोळे करून हातानं चाराचे.'

खाली माझी टीप होती: 'लक्ष्मी ही सून असावी. सुनेला स्वतःच्या हाताने भरवणारी सासू लोकसाहित्यात दुर्मीळ. गूळ रात्रभर भिजवण्याची रीत अन्यत्र आढळत नाही.'

अन्यत्र का आढळत नाही, हा प्रश्न एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही पडला असता. मला पडला नाही. मी ढेप भिजवली आणि सकाळी तेरा पिवळेधमक लाडू वळले.

शालिनीला पाटावर बसवून, रीतीप्रमाणे, पहिला लाडू मी हातानेच भरवला. ती बराच वेळ चावत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, गहिवरली.

"मेथ्या किती घातल्या?"

"मूठभर. कृतीत तसंच आहे."

तिने पाणी मागितले, पेला रिकामा केला आणि दुसरा लाडू उचलला. "तुम्ही केलं म्हणून खाऊन राहिली, समजलं?"

या यशाने मी चढलो. गिरजाबाईंनीही आशीर्वाद द्यावा म्हणून त्यांना फोन लावला आणि शालिनीला ऐकू जावे म्हणून स्पीकर सुरू केला.

"गिरजाबाई, तुमच्या लक्ष्मीचे लाडू केले आज. आमच्या मंडळींचा वाढदिवस आहे."

"कोन्या लक्ष्मीचे?"

"तुमच्या सुनेचे. ढेप भिजवून करतात ते."

"सून तं वंदना हाये, सर. लक्ष्मी म्हैस हाये आमची."

शालिनीचे चावणे थांबले.

"अन् ढेप कुठून भेटली बाप्पा तुमाले? आमाले तं सरकीची ढेप भेटूनच नाई राहिली. सारं बंद हाये."

इथे एक खुलासा आवश्यक आहे. जनावरांना घालायच्या ज्या वस्तूला साताऱ्याकडे सरकीची पेंड म्हणतात, तिलाच इकडे ढेप म्हणतात. तीस वर्षे इथली बोली टिपून घेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावे, यावर मी भाष्य करत नाही.

"मॅडमनं खाल्ले का?" गिरजाबाईंनी विचारले.

"दीड."

"भेवाचं काम नाई. लक्ष्मीचं तं दूध वाढलं होतं."

शालिनी आता हसून हसून पाटावरून कलंडली होती. कशीबशी फोनजवळ आली. "मले त यांनी हातानं चारलं, माय."

"मंग नशीबवान हायेस तू. आमच्या बुढ्यानं म्हशीलेबी कधी नाई चारलं."

उरलेला अर्धा लाडूही शालिनीने संपवला. का, ते मी विचारले नाही. बाकीचे अकरा मी संध्याकाळी केळीच्या पानावर मांडून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाईपुढे ठेवले. शालिनी दारातून पाहत होती. गाईने एकेका लाडवाचा वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि शेजाऱ्यांच्या फाटकाकडे निघून गेली.